‘तैलरंग’ आणि ‘ऑइल पेंट’ : प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतील बाजारी रंग

मराठीत ‘ऑइल पेंट’ हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो आणि त्या दोन ठिकाणी त्याचा अर्थ एक नसतो. दाराला, खिडकीच्या गजांना, लोखंडी कपाटाला लावण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून जो डबा आणला जातो त्याला सर्वसामान्य माणूस ऑइल पेंट म्हणतो. रसायनाच्या दृष्टीने तो कृत्रिम राळेवर आधारलेला एनॅमल असतो. चित्रकार ज्याला ऑइल पेंट म्हणतो तो जवसाच्या तेलात घोटलेल्या रंगद्रव्याचा, ट्यूबमधून पिळून काढावयाचा रंग. समीक्षक लिहावयास बसला की या दुसऱ्या अर्थाला ‘तैलरंग’ असे संस्कृत रूप देतो आणि पहिला अर्थ दाराबाहेर राहतो. हा केवळ परिभाषेचा प्रश्न असता तर त्यासाठी एवढा प्रपंच करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या आधुनिक चित्रकाराने स्वतः मराठीत चित्रकलेविषयी गंभीर ग्रंथलेखन केले, त्या प्रभाकर बरवे यांनी आपली पुष्कळशी महत्त्वाची चित्रे पहिल्या अर्थाच्या ऑइल पेंटने, म्हणजे डब्यातील एनॅमलने, रंगवली आहेत. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना आपण हा डबा जवळजवळ विसरलो आहोत, आणि हे विसरणे अपघाती नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळील नागाव येथे झाला. सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षण पूर्ण झाल्यावर १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. आरंभीची काही वर्षे वाराणसीत व पुढे दीर्घकाळ मुंबईत त्यांनी या केंद्रात नोकरी केली. १९९० साली त्यांचा ‘कोरा कॅनव्हास’ हा ग्रंथ मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला आणि १९९५ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते. दुर्दैवाने ते चित्रांपेक्षा उद्घाटनाच्या भाषणात झालेल्या व्यत्ययामुळेच अधिक लोकांच्या लक्षात राहिले. बरवे यांना ‘अमूर्त’ चित्रकार म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, ढग, अक्षर या गोष्टी ओळखू येतात. परंतु त्या वस्तूंची कथा चित्रात नसते. वस्तूचा आकार, तिची सावली आणि तिच्याभोवतीची रिकामी जागा यांचे परस्परसंबंध हाच तेथे विषय असतो. त्या दृष्टीने ती अमूर्ताच्याच उंबरठ्यावरची चित्रे आहेत, आणि अमूर्त चित्रकलेतील द्रव्याचा विचार करण्यास ती अधिक सोयीचीही आहेत. पूर्णपणे अमूर्त चित्रासमोर उभे राहिलेला मराठी वाचक बहुधा एकदम अध्यात्माकडे वळतो. येथे निदान पान आणि घड्याळ त्याला काही काळ जमिनीवर धरून ठेवतात.

एनॅमल हे द्रव्य कसे वागते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. अल्किड नावाची कृत्रिम राळ, रंगद्रव्याची बारीक भुकटी, पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन किंवा तत्सम द्रावक आणि सुकण्याची क्रिया वाढविणारी धातूंची संयुगे, अशी त्याची सामान्य घडण असते. ही राळ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उद्योगासाठी विकसित झाली, ती चित्रकारांसाठी नव्हे. दाराच्या फळीवर कुंचल्याच्या रेघा दिसू नयेत, पावसात रंग निघू नये, आणि आज लावलेल्या हातावर उद्या दुसरा हात देता यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. त्यामुळे एनॅमल लावल्यावर काही वेळ स्वतःच पसरतो, समपातळीत येतो आणि कुंचल्याच्या खुणा बुजवून टाकतो. प्रथम त्यातील द्रावक उडून जातो आणि मग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन थर कठीण होतो. थर जाड झाला तर वरून साय धरते, खालचा भाग ओलाच राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. ट्यूबमधील तैलरंग अनेक दिवस ओला राहतो. चित्रकार त्यात पुन्हा कुंचला घालू शकतो, कड विरघळवू शकतो, मन बदलू शकतो. एनॅमल ही सवलत फारशी देत नाही. म्हणून एनॅमलने काम करणाऱ्याला पुष्कळसे निर्णय कॅनव्हासपाशी येण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

बरवे यांच्या टिपणवह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना या विधानाचा अर्थ चटकन लक्षात येईल. त्या वह्यांत रेखाटने आणि शब्द शेजारी शेजारी येतात. आकार पुन्हा पुन्हा तपासला जातो. त्यांच्या या चिंतनशीलतेचे वर्णन आपण त्यांच्या स्वभावाचा गुण म्हणून करतो. तो असेलही. परंतु दुरुस्तीला वाव न देणाऱ्या द्रव्याशी ज्याने आयुष्यभर व्यवहार केला त्या माणसाला आधी विचार करण्याची शिस्त त्या द्रव्यानेही लावली असणार. ‘कोरा कॅनव्हास’ या शीर्षकातील कोरेपण केवळ तात्त्विक नाही. तेथे काय ठेवावयाचे ते ठरल्याशिवाय डबा उघडता येत नाही, अशी त्याची एक साधी कारागिरीची बाजूही आहे.

आता भाषेकडे वळू. मराठीत ‘रंग’ या एका शब्दावर फार मोठा भार आहे. डोळ्यांना दिसतो तो रंग, डब्यात असतो तोही रंग, मैफलीत भरतो तो रंग आणि नाटक उभे राहते तोही रंगमंच. ‘वर्ण’ हा शब्द जातिव्यवस्थेने आणि व्याकरणाने अडवून ठेवल्यामुळे तो दृश्य रंगासाठी मोकळा राहिलेला नाही. परिणामी दृश्य गुण आणि प्रत्यक्ष पदार्थ यांत भेद करणारी शब्दांची जोडी आपल्या समीक्षेला सहज मिळत नाही. याउलट बोलीने हा प्रश्न फार पूर्वीच वेगळ्या रीतीने सोडविला आहे. तपकिरी, विटकरी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोतिया, अबोली, शेवाळी, मोरपंखी, गव्हाळ : आपल्या रंगनामांपैकी किती नावे पदार्थावरूनच आली आहेत! तपकीर ओढण्याची चाल बहुतेक संपली तरी तिचा रंग भाषेत उरला आहे. मराठी माणूस रंगाचे नाव घेताना हाताला लागणारी वस्तू सांगतो. फक्त चित्रावर लेख लिहावयाचा झाला की ती वस्तू त्याला अडचणीची वाटू लागते.

‘रंगारी’ हा शब्दही या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. पूर्वी रंगारी म्हणजे मुख्यतः वस्त्रे रंगविणारा; पुण्यात गणेशोत्सवाच्या इतिहासामुळे भाऊसाहेब रंगारी हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे आणि तेही शालू रंगविण्याच्या व्यवसायावरूनच पडलेले. पुढे घरांना रंग देणाराही रंगारी झाला. ‘चित्रकार’ आणि ‘रंगारी’ यांच्यातील अंतर केवळ कौशल्याचे नाही, ते सामाजिक प्रतिष्ठेचे आहे. बरवे यांनी दोन दशके कापडाच्या जगात नोकरी केली. तेथे रंग हा तोलून-मापून, कृतीबरहुकूम तयार करावयाचा पदार्थ असतो आणि तो धुण्यात टिकतो की नाही यावर त्याची किंमत ठरते. चित्रकार बरवे आणि नोकरदार बरवे असे दोन कप्पे करून आपण पहिल्याविषयीच लिहीत आलो आहोत. हे कप्पे त्यांच्या हातात तरी होते काय, असा प्रश्न विचारला जावयास हवा.

बाजारी रंगाची सद्यःस्थिती पाहावयाची असेल तर प्रस्तुत लेखकाच्या नित्य पाहण्यातले खराडी हे उदाहरण पुरेसे आहे. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव पुणे महापालिकेत येऊन आता सुमारे पाव शतक उलटले आहे. काचेच्या आणि पत्र्याच्या आवरणाच्या इमारती तेथे उभ्या राहिल्या आहेत. तेथील रंगाच्या दुकानात आज लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे ठरावीक डबे कमी आणि पांढुरक्या मूळ द्रव्याचे डबे अधिक दिसतात. गिऱ्हाईक छटापत्रिकेवर बोट ठेवते, दुकानदार क्रमांक यंत्रात घालतो, यंत्र मोजून रंगद्रव्याच्या धारा सोडते आणि डबा घुसळून निघतो. छटेला नाव असते, पण ते इंग्रजी आणि स्वप्नाळू. व्यवहार क्रमांकाने होतो. डेव्हिड बॅचलर यांनी आपल्या ‘क्रोमोफोबिया’ (२०००) या पुस्तकात रंगचक्र आणि छटापत्रिका यांतील फरक मार्मिकपणे दाखविला आहे. रंगचक्रात प्रत्येक रंगाला नातेसंबंध आणि कुळ असते. छटापत्रिकेतील रंग एकेकटे, समान दर्जाचे आणि विकाऊ असतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००८ साली याच छटापत्रिकेच्या कल्पनेवर एक संपूर्ण प्रदर्शन भरविले होते. कलाशाळेत आपण अजून रंगचक्र शिकवतो आणि घरी छटापत्रिका पाहतो. बरवे या दोन्हींच्या मध्ये उभे होते.

येथे गायतोंडे यांची आठवण अपरिहार्य आहे. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ यांचा अवलंब केला, तैलरंगाचे थर चढविले आणि काढले, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण केली. रोलरसुद्धा मुळात कारखान्यातले हत्यार आहे, ही गोष्ट त्यांच्यावर लिहिणारे सहसा ओझरती सांगतात. गायतोंडे आणि बरवे या दोघांनाही कॅनव्हासवरील हाताचे अक्षर, म्हणजे कुंचल्याचा ठसा, पुसावयाचा होता. गायतोंडे यांनी ते हत्यार बदलून साधले, बरवे यांनी द्रव्य बदलून. परंतु फलित अगदी भिन्न आहे. गायतोंडे यांच्या चित्रात थरांमागून प्रकाश आल्याचा भास होतो. नजर आत जाते. बरवे यांच्या पुष्कळ चित्रांतील पार्श्वभूमी नजरेला आत घेत नाही. ती सपाट, घट्ट, किंचित थंड असते, आणि वस्तू तिच्यावर ठेवल्यासारख्या, किंबहुना टांगल्यासारख्या दिसतात.

या पार्श्वभूमीला आपण ‘अवकाश’ म्हणतो. ‘शून्य’, ‘निराकार’, ‘अंतराळ’ असे शब्द मग ओघानेच येतात. मला स्वतःला ती पार्श्वभूमी पाहताना रंगवलेली भिंत आठवते, लोखंडी कपाटाचा दरवाजा आठवतो, सरकारी कचेरीतील कमरेपर्यंत रंगवलेला पट्टा आठवतो. ज्या रंगाने मुंबईतील मध्यमवर्गीय खोल्यांचे दरवाजे रंगवले गेले त्याच रंगाने बरवे यांनी आपले अवकाश रंगवले आहे. म्हणून तेथील पान हे अनंतात तरंगणारे पान वाटण्यापूर्वी एखाद्या बंद कपाटाच्या दारावर कुणी चिकटवलेले पान वाटते, आणि त्याचे एकाकीपण त्यातूनच निर्माण होते. हे वाचन गूढार्थाला मारक आहे असे मला वाटत नाही. उलट, इतक्या परिचित, घरगुती द्रव्यातून अपरिचिताचा प्रत्यय येतो, हेच बरवे यांच्या चित्रांचे सामर्थ्य आहे. ‘तैलरंग’ म्हटले की हा सारा ताण नाहीसा होतो.

मग हा डबा आपल्या समीक्षेतून गेला कोठे? माझ्या मते त्याचे उत्तर मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्राच्या दीर्घ छायेत शोधावे लागेल. संवेदनांची लयबद्ध रचना आणि त्या लयीचे संवाद, विरोध व समतोल हे प्रकार, ही मांडणी ‘सौंदर्य आणि साहित्य’पासून आपल्या पदव्युत्तर वर्गांत रुळली आहे. तिने मराठी समीक्षेला विषयापासून आणि बोधापासून मुक्त केले, हे तिचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु या मांडणीत चित्रकलेचे माध्यम म्हणजे रंगाची संवेदना. ती संवेदना ज्या पदार्थापासून येते तो पदार्थ सौंदर्यविचाराच्या बाहेरच थांबतो. लाल ही संवेदना शेंदराची, ट्यूबची की डब्याची, याने लयीत फरक पडत नाही. गंमत अशी की यंत्रयुगातील वस्तू, गिरणगावाचे वातावरण आणि बाजारातले इंग्रजी शब्द मराठी कवितेत हक्काने आणणारा कवीही हाच. मर्ढेकरांच्या कवितेने जे केले त्याला त्यांच्या सौंदर्यशास्त्रात जागा नव्हती. आणि चित्रांविषयी लिहिताना आपण त्यांच्या कवितेला सोडून सौंदर्यशास्त्रामागे गेलो.

पाश्चात्त्य चित्रकलेत बाजारी रंगाचा इतिहास बऱ्यापैकी नोंदला गेला आहे. पिकासोने रिपोलिन या फ्रेंच एनॅमलचा वापर केला, आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी अलीकडे त्याचे रासायनिक पृथक्करणही केले. मेक्सिकोच्या सिकेरोसने १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे जी प्रयोगशाळा चालविली तेथे मोटारींसाठी तयार झालेले रंग वापरले जात. तरुण जॅक्सन पोलॉक तेथे होता. पुढे पोलॉकच्या जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर जे ओघळ पडले ते बव्हंशी घरगुती एनॅमलचे होते. फ्रँक स्टेला याने १९५९ च्या सुमाराची आपली काळी चित्रे घर रंगविण्याच्या कुंचल्याने आणि बाजारी एनॅमलने रंगविली. या परंपरेचा दाखला देऊन बरवे यांना तिच्यात बसविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळला पाहिजे. तेथे डबा उचलणे ही ललितकलेच्या प्रतिष्ठेविरुद्धची उघड कृती होती. कारखाना आणि कलादालन यांच्यात जी भिंत होती ती ओलांडल्याचा गाजावाजा त्या कृतीत ऐकू येतो. आपल्याकडे ती भिंत तशी नव्हतीच. आपल्या खेड्यातील देवळाचे शिखर ऑइल पेंटने रंगते, बैलगाडीचा साज, ट्रकचा फाळका आणि सर्कशीचा फलक त्याच डब्यातून रंगतो. हुसेन यांनी मुंबईत उमेदवारीच्या काळात सिनेमाचे फलक रंगविले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण त्या रंगाचे काय झाले हे विचारत नाही.

शेंदराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गावकुसाबाहेरच्या दगडाला तेलात कालवलेला शेंदूर थरावर थर चढत जातो. दगडाचा मूळ आकार बुजतो आणि एक वेगळाच, अवयवरहित, घोटीव आकार तयार होतो. शिल्प म्हणून पाहिले तर याहून शुद्ध अमूर्त आकार आधुनिक कलादालनातही क्वचित आढळेल. आणि शेंदूर म्हणून जो लाल पदार्थ विकला जात आला तो पुष्कळदा शिशाचा ऑक्साइड असतो. हाच पदार्थ लोखंड गंजू नये म्हणून पुलांना आणि जहाजांना पहिल्या हाताला लावला जात असे. देव आणि पूल यांना एकच रंग! वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर २०२२ साली संवर्धनासाठी उतरविण्यात आले तेव्हा मूर्तीचे रूप भाविकांना नव्याने दिसले. थर हा आकार घडवतो आणि झाकतोही, हे त्या निमित्ताने सर्वांना डोळ्यांनी पाहता आले. वाराणसीत असताना तांत्रिक प्रतिमांकडे ओढ घेतलेल्या बरवे यांना अशा पूजाद्रव्यांचे आणि बाजाराचे हे साहचर्य परके नव्हते. त्यांच्या एनॅमलचे कूळ शोधावयाचे तर न्यूयॉर्कपेक्षा ते येथे शोधणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

एक आक्षेप येथे येईल. परदेशी ट्यूबा महाग होत्या, आयातीवर निर्बंध होते, एनॅमल स्वस्त होता. यात सौंदर्यशास्त्र कशाला? आर्थिक कारण मी नाकारीत नाही. ते नाकारणे म्हणजे पुन्हा डबा झाकून ठेवणेच होईल. परंतु निरुपायाने स्वीकारलेली गोष्ट उपाय सापडताच सोडली जाते. बरवे यांनी नावलौकिक मिळाल्यानंतरही, अखेरच्या वर्षांतही एनॅमल सोडला नाही. टंचाईने दिलेले द्रव्य पुढे त्यांची निवड झाले, आणि समीक्षेचे काम त्या ‘पुढे’पासून सुरू होते.

साहित्याच्या अभ्यासकांना हा सारा विषय परका वाटू नये. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातील शब्द कोणत्या वस्तीतून आले हे समजून घेतल्यावाचून त्याविषयी बोलता येईना. आज तर त्या शब्दांची मुळे शोधणे हा प्रबंधाचा विषय होतो. अरुण कोलटकर हे जे. जे.चे विद्यार्थी आणि जाहिरात व्यवसायातील नावाजलेले कलादिग्दर्शक होते. त्यांच्या मुंबईया भाषेतील कवितांविषयी लिहिताना ती भाषा कोणाच्या तोंडची आहे, हे आपण बारकाईने पाहतो. कवितेतील बाजारी शब्दाला आपण ‘प्रमाण’ रूप देऊन मग त्याची समीक्षा करीत नाही. तसे कोणी केले तर विद्यार्थीही हसतील. मग चित्रातील बाजारी रंगाला ‘तैलरंग’ करून टाकताना आपल्याला काहीच का खटकत नाही? ‘साहित्य आणि इतर कला’ या अभ्यासपत्रिकेत चित्रकलेवर जे लिहून घेतले जाते त्यात चित्राच्या खाली छापलेली माध्यमाची ओळ बहुधा कोणी वाचत नाही. बरवे यांच्या बाबतीत त्या ओळीत ‘एनॅमल ऑन कॅनव्हास’ असे स्पष्ट छापलेले असते.

ही ओळ वाचण्याची निकड आता आणखी एका कारणाने वाढली आहे. अल्किड एनॅमल लाकडासारख्या किंवा लोखंडासारख्या ताठ पृष्ठभागासाठी केलेला असतो. कॅनव्हास हवेतील दमटपणाबरोबर सैल-ताठ होत राहतो आणि थर मात्र वयाबरोबर कडक व ठिसूळ होत जातो. त्यामुळे भेगा पडण्याचा संभव असतो. राळेतील तेलामुळे पांढरा रंग, विशेषतः अंधारात ठेवला असता, पिवळसर होतो. साठ-सत्तरच्या दशकांतील चित्रांना आता पन्नास-साठ वर्षे होत आली आहेत आणि त्यांपैकी अनेक मुंबईच्या हवेत राहिली आहेत. त्यांची देखभाल करणाऱ्याला तैलरंगासाठीचे नियम जसेच्या तसे लावता येणार नाहीत. कोणता रंग, किती पातळ करून, कशावर लावला, याची माहिती देऊ शकणारे चित्रकाराचे सहकारी आणि स्नेही अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ही माहिती मराठीत लिहून घेण्याचे काम एखाद्या मराठी विभागानेही हाती घेण्यास हरकत नाही. बरवे यांचे चिंतन मराठीत आहे, त्यांच्या वह्यांतील शब्द मराठी आहेत, आणि त्यांचा अर्थ लावण्याची सवय आपल्याला अधिक आहे.

राहिला परिभाषेचा प्रश्न. एनॅमलसाठी ‘रोगण’ हा जुना, फारसीतून आलेला शब्द मराठीत आहे. सुतार आणि रंगारी यांच्या तोंडी तो होता; आता कमी ऐकू येतो. ‘रोगणरंग’ असा शब्द करता येईल आणि तो ‘तैलरंगा’शेजारी शोभेलही. पण नेमका तो शोभतो म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते. तूर्त ‘एनॅमल’ हाच शब्द ठेवावा, कारण डब्यावर तोच छापलेला असतो आणि बरवे यांनी दुकानात जाऊन तोच मागितला असणार.